खरीप २०२१चं ॲप कुणी जपलंय?

बुलढाणा जिल्ह्यातल्या रोहिणखेडच्या शिवारात सोयाबीनच्या तासांमध्ये तूर असते. कुणाच्या बांधालगत मूग-उडदाची पट्टी असते, कुणी घरच्या भाकरीपुरती ज्वारी कोपऱ्यात टाकतो. १५ ऑगस्ट २०२१ रोजी ई-पीक पाहणीचं ॲप राज्यभर सुरू झालं, तेव्हा अशा मिश्र शेताची नोंद करायला त्यात एक मुख्य पीक आणि दोन दुय्यम पिकं एवढीच सोय होती. १ ऑगस्ट २०२२ला दुसरी आवृत्ती आली आणि दुय्यम पिकं तीन झाली. शेत तेच, पेरणारा तोच. वाढला तो फक्त मोबाईलच्या पडद्यावरचा एक रकाना.

आता वीस वर्षांनी कृषी विद्यापीठातला एखादा विद्यार्थी या गावाच्या दोन्ही खरिपांची आकडेवारी समोर घेऊन बसला तर त्याला काय दिसेल? एका वर्षात चौथं पीक उगवलेलं दिसेल. तो त्याचा संबंध पावसाशी लावेल, भावाशी लावेल, एखाद्या योजनेशीही लावेल, आणि प्रबंध लिहून मोकळा होईल. खरं कारण कळायला त्याला २०२१चं ॲप उघडून पाहावं लागेल. ते कुणी ठेवलंय का?

कागदाच्या काळात हा प्रश्न पडत नसे. पिकांच्या नोंदीचा, म्हणजे गाव नमुना बाराचा, छापील फॉर्म बदलला तरी जुन्या फॉर्मवर भरलेली पानं दप्तरात राहायची, आणि रकाने किती होते हे त्या पानावरच दिसायचं. फॉर्म आणि नोंद एकाच कागदावर असत. ॲपमध्ये दोघांची फारकत झाली. नोंद सर्व्हरवर राहिली, फॉर्म पुढच्या अपडेटबरोबर पुसला गेला. मोबाईल ॲपच्या जुन्या आवृत्त्या संगणकावर जपून ठेवणं हा आजवर हौशी पोरांचा उद्योग मानला गेलाय. गेमची जुनी लेव्हल आवडते, जाहिराती नसलेला जुना प्लेअर बरा वाटतो, म्हणून ती ठेवायची. पण सातबाऱ्यावरच्या पिकाची नोंद ज्या राज्यात ॲपमधून होते तिथे हा उद्योग अभिलेखागाराचा झाला आहे, एवढं माझं म्हणणं आहे.

रोहिणखेड मोताळा तालुक्यात आहे, अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी. बुलढाणा जिल्ह्यात माणसाची ओळख घाटावरचा की घाटाखालचा इथून सुरू होते. रोहिणखेड घाटाखालचं, पण डोंगराला पाठ टेकवून बसलेलं. या जागेमुळेच गावाच्या वाट्याला दोन लढाया आल्या. १४३७ मध्ये खानदेशचा नसीरखान फारूकी इथे बहमनी सरदार खलफ हसन बसरीकडून हरला. १५९० मध्ये बुऱ्हाण निजामशाहाच्या बाजूने उतरलेल्या खानदेशच्या राजा अलीखानाने जमालखानाचा पाडाव केला, तोही इथेच. जमालखान महदवी पंथाचा, आणि त्याचाच अनुयायी खुदावंदखान याने आठ वर्षं आधी, १५८२ मध्ये, गावात एक लहान पण देखणी मशीद बांधली होती. पक्ष हरला, राज्य गेलं, मशीद आणि तिचं साल राहिलं. साडेचारशे वर्षांपूर्वीची तारीख या गावात ठामपणे सांगता येते, आणि चार-पाच वर्षांपूर्वीच्या सरकारी फॉर्मचे रकाने सांगायला मात्र जुन्या बातम्या चाळाव्या लागतात.

गंमत अशी की प्रती ठेवायची सवय गावांना होती. आत्ता-आत्तापर्यंत होती.

साध्या नोकियाच्या काळात मोबाईल दुकानाचा निम्मा धंदा ‘कार्ड भरून देणे’ हा असे. दुकानदाराच्या संगणकात गाणी, रिंगटोन आणि ‘जार’ फाइलींमधले गेम फोल्डर करून ठेवलेले असत. गिऱ्हाईक मेमरी कार्ड देई आणि अर्ध्या तासाने भरलेलं कार्ड घेऊन जाई. पुढे अँड्रॉइड आलं, तेव्हा नेटचा एकेक एमबी मोजून वापरायचा जमाना होता. त्यामुळे प्ले स्टोअर असूनही ॲप उतरायचं ते एकाच्या फोनवर, आणि तिथून शेअरइट किंवा झेंडर या फाइल पाठवणाऱ्या ॲपने पाराभर फिरायचं. घेणाऱ्याच्या फोनमध्ये शेअरइटचं एक फोल्डर तयार होई आणि त्यात आलेल्या एपीके फाइली पडून राहत. एपीके म्हणजे ॲपचं गाठोडं: चित्रं, मजकूर, प्रोग्रॅम सगळं एकत्र बांधलेली फाइल. ही फोल्डरं कुणी मुद्दाम जपत नव्हतं, पण गावातल्या शे-दोनशे फोनांमध्ये मिळून ॲपच्या जुन्या आवृत्त्यांचा एक विखुरलेला साठा आपोआप तयार झाला होता.

५ सप्टेंबर २०१६ला जिओ आलं. डेटा इतका स्वस्त झाला की फाइल मागायला शेजाऱ्याकडे जायचं कारण उरलं नाही. जे हवं ते पुन्हा उतरवता येतं म्हटल्यावर ठेवायचं कशाला? मग २९ जून २०२०ला केंद्र सरकारने ५९ चिनी ॲपवर बंदी घातली. गवगवा टिकटॉकचा झाला, पण त्याच यादीत शेअरइट होतं, झेंडर होतं. बंदीची कारणं वेगळी होती आणि त्यांचा वाद इथे नको. पण जिओने जी सवय ढिली केली होती ती या बंदीने संपवली. आज ‘पुन्हा उतरवता येतं’ यावर आपण सगळे विसंबून आहोत. आणि पुन्हा उतरतं ते नेहमी नवं असतं.

नवं का नको असतं, हे घाटाखालच्या कुठल्याही ऑनलाइन कामाच्या दुकानात हंगामात तासभर बसलं की कळतं. बोलणं साधारण असं चालतं:

“काहून रे भाऊ, हे नवीन काहून मांगते? मांगच्या साली तं चालत होतं.”

“जुनं बंद केलं काका त्यायनं. अपडेट माराच लागते.”

“मंग माह्या मोबाईलमधी जागाच नाई. कुठी मारतं अपडेट?”

“थोडे फोटो उडवा लागन.”

“नातवाचे फोटो हायेत त्याच्यात. थे नको उडवू बाप्पा.”

यात जागेचा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. दोन-तीन जीबी रॅमचा, १६ किंवा ३२ जीबी जागेचा फोन हे गावातल्या पन्नाशीपुढच्या माणसाचं नेहमीचं यंत्र आहे. मुलाने नवा घेतला की जुना वडिलांकडे येतो. त्या फोनचं अँड्रॉइड कंपनीने जिथे सोडलं तिथेच थांबलेलं असतं. ॲप मात्र दरवर्षी जड होत जातं, कारण ते बनवणारे नव्या फोनवर चाचणी घेतात. शेवटी एक दिवस प्ले स्टोअर सांगतं की हे ॲप तुमच्या उपकरणासाठी नाही. काल चालणारी वस्तू आज चालत नाही, आणि तिच्यात बिघाड काहीच झालेला नसतो.

हे प्रकरण २०२१ मध्ये राज्याने मोठ्या प्रमाणावर पाहिलं आहे. अंगणवाडी सेविकांना पोषण अभियानात दोन जीबी रॅमचे फोन दिले होते. त्यावर आधी एक ॲप चाले. मग त्याच्या जागी पोषण ट्रॅकर आलं. फोन अडकू लागले, तापू लागले, आणि नव्या ॲपमध्ये नावं इंग्रजीत भरावी लागत होती. ऑगस्ट २०२१ मध्ये हजारो सेविकांनी हे फोन शासनाला परत केले. मोबाईल वापसी आंदोलन म्हणून त्याची बातमी झाली, पुढे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. जुनं ॲप त्याच फोनवर कसं चालत होतं आणि नवं कसं अडकत होतं, हे दोन फोन शेजारी ठेवून दाखवता आलं असतं तर वाद बराच छोटा झाला असता. पण त्यासाठी दोन्ही आवृत्त्या कुणाच्या तरी संगणकावर हव्या होत्या.

तर ठेवायच्या कशा? काम किचकट आहे पण अवघड नाही, आणि ज्या दुकानात फोनचे कुलूप-पासवर्ड काढले जातात तिथल्या पोराला शिकवावं लागत नाही. फोनच्या सेटिंगमध्ये ‘बिल्ड नंबर’वर सात वेळा बोट टेकवलं की ‘डेव्हलपर ऑप्शन्स’ नावाचं एक जादा पान उघडतं. त्यात यूएसबी डीबगिंग चालू करायचं, डेटा केबलने फोन संगणकाला जोडायचा, फोनवर परवानगी विचारली की होय म्हणायचं. संगणकावर गूगलचंच एडीबी नावाचं फुकट साधन लागतं. काळ्या पडद्यावर टाइप करून ते वापरायचं, एवढीच त्याची भीती. त्याला विचारलं की फोनमध्ये कोणकोणती ॲप आहेत, ते यादी देतं. अमुक ॲपची फाइल कुठे आहे विचारलं की पत्ता देतं. आणि ‘ओढ’ म्हटलं की फाइल संगणकावर आणून टाकतं. रूट करावं लागत नाही, फोनला धक्का लागत नाही.

खरी मेख पत्ता विचारल्यावर दिसते. उत्तरात एक ओळ येईल अशी अपेक्षा असते, येतात चार-पाच. ऑगस्ट २०२१पासून गूगलने प्ले स्टोअरवरच्या नव्या ॲपना एक अट घातली: बनवणाऱ्याने तयार एपीके देऊ नये, सगळ्या सुट्या भागांचं एक बंडल द्यावं, आणि कुणाच्या फोनला कुठले भाग लागतात ते गूगल ठरवेल. तेव्हापासून ॲप तुकड्यांनी उतरतं. एक ‘बेस’, एक त्या फोनच्या प्रोसेसरसाठी, एक पडद्याच्या पिक्सेल-घनतेसाठी, एक भाषेसाठी. फोनची भाषा मराठी असेल तर मराठीचा तुकडा येतो. कुणी घाईने नुसतं बेस.एपीके उचलून ठेवलं तर अनेकदा ते बसतच नाही, आणि बसलं तरी मराठी मजकूर गायब असू शकतो. आपण जपलेली प्रत इंग्रजीच निघाली तर तिचा आपल्या कामाला काय उपयोग? त्यात स्वस्त फोनांचा आणखी एक घोळ आहे. चिप ६४ बिटची असली तरी कमी रॅममुळे कंपनी त्यावर ३२ बिटचं अँड्रॉइड बसवते. मुलाच्या फोनवरून उचललेला संच म्हणून वडिलांच्या फोनवर चढेलच असं नाही. शहाणपण यात आहे की सगळे तुकडे एकत्र, एकाच फोल्डरमध्ये ठेवावेत आणि फोल्डरच्या नावात ॲप, आवृत्ती क्रमांक, तारीख आणि कुठल्या फोनवरून घेतलं ते लिहावं. या शेवटच्या तपशिलाचा कंटाळा सगळे करतात आणि नंतर डोकं धरतात.

क्रमही पाळावा लागतो. आधी प्रत, मग अपडेट. उलट्या क्रमाने काही हाती लागत नाही, कारण अपडेट जुन्या फाइलीच्या जागी नवी ठेवतं. प्ले स्टोअरमध्ये त्या ॲपच्या पानावर तीन टिंबांखाली ऑटो-अपडेटची खूण असते, ती काढून ठेवली तर निदान झोपेत बदल होत नाही. आणि एकदा नवी आवृत्ती बसली की तिच्यावर जुनी चढवता येत नाही. अँड्रॉइड ते नाकारतं, आणि बरोबरच नाकारतं, नाहीतर चोराने भोकं असलेली जुनी आवृत्ती मागच्या दाराने बसवली असती. जुनी हवी तर नवी काढून टाकायची, आणि काढली की तिच्यातला डेटा जातो. कित्येकांची हिशेबाची ॲप, भजनांच्या याद्या, दुधाच्या नोंदी याच पायरीवर गेल्या आहेत. एपीके जपणं म्हणजे डेटा जपणं नव्हे. एडीबीत पूर्वी डेटासकट बॅकअप घ्यायची सोय होती. अँड्रॉइड १२पासून नव्या ॲपच्या बाबतीत ती जवळजवळ बंद झाली. ॲपमध्येच ‘एक्स्पोर्ट’ असेल तर आधी तो करून घ्यावा.

आयफोनवाल्यांचा विषय मी एका परिच्छेदात उरकतो, कारण त्यांच्यासाठी तो ॲपलनेच उरकला आहे. पूर्वी आयट्यून्समध्ये ॲप संगणकावर उतरत आणि जुनी फाइल तिथे पडून राही. सप्टेंबर २०१७ मध्ये आयट्यून्स १२.७ आलं आणि त्यातून ॲप स्टोअरच काढून टाकलं. त्याच महिन्यात आयओएस ११ने ३२ बिटची सगळी जुनी ॲप बंद केली. ज्यांनी फाइली ठेवल्या होत्या त्यांच्याकडे फाइली आहेत. त्या चालवायला जुना आयफोन लागतो.

अँड्रॉइडचं दारही हळूहळू लोटलं जातंय. अँड्रॉइड १४ फार जुन्या बांधणीची ॲप सरळ बसवू देत नाही. १५ने ती रेषा आणखी पुढे सरकवली. संगणकाला जोडून, एडीबीने मुद्दाम सांगितलं तर अजून बसतात. ऑगस्ट २०२५ मध्ये गूगलने जाहीर केलं की प्ले स्टोअरबाहेरून येणारं ॲपसुद्धा ओळख पटवलेल्या निर्मात्याचंच असावं लागेल; सुरुवात सप्टेंबर २०२६पासून ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंडमध्ये, मग इतरत्र. त्यावर ओरड झाल्यावर जाणकारांसाठी वेगळी वाट ठेवू असंही कंपनी म्हणाली. ज्या ॲपचा निर्माताच उरला नाही, त्याची ओळख कोण पटवून देणार, हा प्रश्न जुन्या आवृत्त्या जपणाऱ्यांना सतावतो आहे.

गूगलची बाजू पोकळ नाही, हेही सांगितलं पाहिजे. एपीके हा शब्द आज खेड्यात पोहोचलाय तो फसवणुकीच्या बातम्यांतून. व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका येते, तिच्या शेवटी ती तीन अक्षरं असतात. आरटीओच्या दंडाची पावती येते, पीएम किसानचा हप्ता अडकलाय असा निरोप येतो, खाली तशीच फाइल. दाबली की फोनवरचे मेसेज वाचणारं ॲप बसतं आणि ओटीपी परस्पर जातात. पीएम किसानचं नाव वापरण्यात या चोरांची हुशारी दिसते. त्या नावाने आलेली फाइल शेतकरी उघडणार नाही तर कोण? म्हणून ‘जुनं ॲप पाहिजे, कुणाकडे आहे का’ असं गटावर विचारणं धोक्याचंच. स्वतःच्या फोनवर प्ले स्टोअरवरून उतरलेलं ॲप स्वतःच्या केबलने स्वतःच्या संगणकावर घेतलं तर हा धोका येत नाही. बाहेरून घेतलेल्या फाइलवर निर्मात्याची डिजिटल सही तीच आहे का, हे तपासता येतं, आणि तपासल्याशिवाय ती फोनच्या जवळ नेऊ नये. बँकेची आणि यूपीआयची ॲप तर जुनी ठेवूच नयेत. काम झाल्यावर यूएसबी डीबगिंग बंद करायचं. ते चालू दिसलं की काही बँकांची ॲप उघडतही नाहीत.

एवढं सगळं करून ठेवलेली प्रत चालते का?

इथे ॲपच्या दोन जाती पडतात. कीबोर्ड, शब्दकोश, पंचांग, कॅल्क्युलेटर, बिननेटचे गेम यांचं सगळं सामान फाइलमध्येच असतं. मुंबई आयआयटीच्या इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरमध्ये बनलेला स्वरचक्र हा मराठी कीबोर्ड याच जातीचा. मधल्या अक्षरावर बोट ठेवलं की भोवती बाराखडी उमलते. इंग्रजी न येणाऱ्यालाही त्यावर लिहिता येतं, आणि अक्षर उमटायला कुठल्याही सर्व्हरची परवानगी लागत नाही. अशी ॲप जपली तर खरोखर जपली जातात. दुसऱ्या जातीत फोनवर असते ती फक्त कचेरीच्या काउंटरची खिडकी. कारकून, रजिस्टर आणि शिक्का दूर सर्व्हरवर. व्हॉट्सॲपची जुनी आवृत्ती ठरावीक मुदतीनंतर स्वतःच चालायचं थांबते. जिओफोनवर सप्टेंबर २०१८ मध्ये व्हॉट्सॲप आलं तेव्हा केवढा गाजावाजा झाला होता. जून २०२४ मध्ये ते त्या फोनच्या स्टोअरमधून काढलं गेलं, आणि ज्यांच्याकडे होतं त्यांचंही नंतर बंद पडलं. फोन चालू, बटणं शाबूत, बॅटरी नवी टाकता येते. खिडकी मात्र पलीकडून लावून घेतलेली.

ई-पीक पाहणी दुसऱ्या जातीची. २०२१ची फाइल सापडली तरी ती आज सर्व्हरशी बोलणार नाही, आणि बोलू नये हेच योग्य. नियम बदललेत. दुसऱ्या आवृत्तीत नोंद ४८ तासांत एकदा दुरुस्त करायची सोय आली, शेतापासून दूर उभं राहून फोटो काढला तर सूचना येऊ लागली, हमीभावाने विक्रीच्या संमतीचा प्रश्न आला, शेतकऱ्यांनी केलेल्या नोंदींपैकी दहा टक्के तलाठ्याने तपासायच्या असं ठरलं. (तलाठ्याचं पदनाम २०२४ मध्ये ग्राम महसूल अधिकारी झालं. गावात अजून तलाठीच म्हणतात.) रब्बी २०२४पासून राज्यभर डिजिटल क्रॉप सर्व्हेची पद्धत आली, तिच्यात फोटो गटाच्या ५० मीटरच्या आत उभं राहून घ्यावा लागतो. प्रत्येक फेरीत ॲप बदललं. प्रत्येक फेरीत ‘नोंद झाली’ या दोन शब्दांमागची अटही बदलली.

आणि या नोंदीवर पैसे ठरतात. खरीप २०२३च्या कापूस-सोयाबीनसाठी राज्याने हेक्टरी ५,००० रुपये, दोन हेक्टरांपर्यंत, मदत जाहीर केली तेव्हा ई-पीक पाहणीतली नोंद हाच निकष धरला होता. ज्याची नोंद अडकली त्याचं नाव सुरुवातीच्या यादीत आलं नाही. असा शेतकरी पुढे तक्रार घेऊन गेला तर तो म्हणणार, मी भरलं होतं, ॲपने घेतलं नाही. समोरचा म्हणणार, ॲपमध्ये सोय होती, तुम्ही भरलं नाही. त्या हंगामातलं ॲप कुठली सूचना कुठल्या शब्दांत देत होतं, हे दोघांपैकी कुणीच दाखवू शकत नाही. आता कापूस महामंडळाच्या खरेदीसाठीही २०२५पासून ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी आहे. घाटाखालच्या कापूसवाल्याचं हंगामाचं वेळापत्रक दोन ॲपच्या मर्जीवर आलं आहे.

बंद पडलेली फाइलसुद्धा पुरावा असते ती अशा वेळी. एपीके ही मुळात झिप फाइल. ती संगणकावर उलगडता येते. आतला मजकूर, सूचना, प्रश्नांचा क्रम, दुय्यम पिकं किती घ्यायची याचं बंधन ॲपमध्येच घातलेलं असेल तर तेही वाचता येतं. पिकांची यादी सर्व्हरवरून येत असेल तर ती फाइलमध्ये सापडणार नाही. त्यासाठी हंगाम चालू असतानाच पूर्ण नोंदीचं स्क्रीन रेकॉर्डिंग करून त्याच फोल्डरमध्ये टाकावं. हे काम गावच्या दुकानदाराने करावं असं मी म्हणत नाही. त्याच्या संगणकाला तेवढी जागाही नाही आणि तो त्याचा धंदाही नाही. एका फोनवरून अनेक खातेदारांची नोंद करता येते म्हणून गल्लीची गल्ली ज्याच्याकडे येते, त्याने आणखी अभिलेखपालही व्हावं ही अपेक्षा जास्तीची आहे. करायचं ते महसूल खात्याने.

छापील मजकुराच्या बाबतीत हे शहाणपण आपल्याला १९५४ मध्येच होतं. त्या वर्षीच्या कायद्याप्रमाणे भारतात प्रसिद्ध होणाऱ्या प्रत्येक पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आणि आणखी तीन ग्रंथालयांत द्यावी लागते. मुंबईत त्याची जागा टाउन हॉलमध्ये, एशियाटिक सोसायटीच्या वास्तूत. दोन वर्षांनी वर्तमानपत्रंही त्यात आली. कवितासंग्रहाच्या तीनशे प्रती छापणाऱ्यालाही हा कायदा लागू आहे. लाखो शेतकऱ्यांनी हातात धरलेल्या ॲपला तो लागू नाही. १९९३च्या केंद्राच्या सार्वजनिक अभिलेख कायद्यात संगणकाने निर्माण केलेलं साहित्यही अभिलेख मानलं आहे, महाराष्ट्राने आपला असा कायदा २००५ मध्ये केला. तरतुदींची कमतरता नाही. ॲप हा फॉर्म आहे, हे कुणाच्या ध्यानात आलेलं दिसत नाही.

आणि सरकारला असं काही जमत नाही असंही नाही. २ एप्रिल २०२० रोजी आरोग्य सेतू आलं, त्यावर आक्षेप झाले, आणि २६ मे २०२० रोजी त्याच्या अँड्रॉइड आवृत्तीचा सोर्स कोड केंद्राने सगळ्यांसाठी खुला केला. एफ-ड्रॉइड हे २०१०पासून स्वयंसेवकांनी चालवलेलं मुक्त ॲपचं भांडार जुन्या आवृत्त्यांसाठी वेगळं दालनच ठेवतं. म्हणजे नवीन शोध लावायचा नाही. प्रत्येक हंगामाची फाइल, तिचा आवृत्ती क्रमांक, ती कधीपासून कधीपर्यंत चालू होती त्या तारखा आणि फाइलमध्ये फेरफार झालेला नाही हे पडताळण्यासाठीची अंकमुद्रा, एवढं खात्याच्या संकेतस्थळावर हंगाम संपल्यावर टाकायचं. एका गावाच्या नकाशाच्या स्कॅनला लागते त्याहून फार जास्त जागा लागणार नाही.

खातं आपण होऊन करेल तेव्हा करेल. तोवर माहितीचा अधिकार आहे. २००५च्या त्या कायद्यात माहिती कशाकशावर मागता येते याची यादी आहे, तिच्यात फ्लॉपीसुद्धा आहे; आणि ‘इतर कुठलंही इलेक्ट्रॉनिक माध्यम’ही आहे, त्यामुळे एपीके मागायला अडचण नाही. ई-पीक पाहणीचं काम पुण्याच्या जमाबंदी आयुक्त कार्यालयातून चालतं. अर्ज तिथल्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावाने करायचा, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावायचं. महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयाचा हवा. तेवढे शब्द लागणारही नाहीत: खरीप २०२१ ते आजपर्यंत वापरात आणलेल्या ई-पीक पाहणी मोबाईल ॲपच्या सर्व आवृत्त्यांची यादी, प्रत्येकीच्या तारखा, आणि या आवृत्त्यांच्या एपीके फाइली कार्यालयाकडे जतन केलेल्या असल्यास त्यांच्या प्रती, जतन केलेल्या नसल्यास तसं लेखी कळवावं. उत्तराची मुदत तीस दिवस.